गरोदर बाई इमर्जन्सीत आली तर दुखणं थांबवायला काहीच देता येत नाही का?

कुंदकळी
रविवार, रात्री ११.२०

माझी धाकटी बहीण सत्तावीस आठवड्यांची गरोदर आहे. परवा पहाटे तीनच्या सुमारास तिच्या उजव्या कुशीत कळ उठली. बरगडीखालून निघायची, जांघेत उतरायची, जरा दम घ्यायची की पुन्हा सुरू. तिला ना बसवत होतं ना झोपवत. तशीच उचलून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेली. सिस्टरने नाव-वय विचारलं, कळ कुठून कुठे जाते ते विचारलं, "मुतखडाच दिसतोय" म्हणाली आणि दोन मिनिटांत ट्रेमध्ये भरलेलं इंजेक्शन घेऊन आली. बहिणीने अंगावरची शाल बाजूला केली तेव्हा पोट दिसलं. सिस्टर जागच्या जागी थबकली. "अगं बाई, आधी नाही का सांगायचं?" सिरिंज ट्रेमधून परत गेली.

इथवर माझी काही तक्रार नाही. त्यानंतर मात्र पावणेदोन तास तिला काहीही मिळालं नाही. ड्युटीवरचे डॉक्टर आले, "प्रेग्नन्सीत काही देता येत नाही, गायनॅक मॅडम येऊ देत" एवढं बोलून गेले. ती कॉटचा दांडा धरून पडली होती. मी तिची पांढरी पडलेली बोटं बघत बसले. मॅडम आल्यावर सलाईनमधून पॅरासिटामॉल लावलं, मग आणखी एक इंजेक्शन अगदी हळूहळू दिलं, आणि वीस मिनिटांत तिचा डोळा लागला.

आता ती घरी आहे, बाळ ठीक आहे, खडा लहान आहे. भांडायला धागा काढलेला नाही. मला दोनच गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. परत गेलेलं इंजेक्शन कसलं असेल आणि दिलं गेलं असतं तर काय झालं असतं? आणि मॅडमनी जे दिलं ते पावणेदोन तास आधी देता आलं नसतं का?

शेंडेफळ
रविवार, रात्री ११.४१

वाचतोय. बायकोला पाचवा महिना आहे. जाणकारांनी लिहावं ही विनंती.

रातपाळी
सोमवार, पहाटे ४.०५

बरीच वर्षं इमर्जन्सीतच काढली आहेत म्हणून लिहितो. पेशंट समोर नसताना लिहिलेलं सल्ला म्हणून घेऊ नये, माहिती म्हणून घ्यावं.

परत गेलेली सिरिंज बहुतेक डायक्लोफेनॅकची. मुतखड्याची कळ म्हटली की आमचा हात आपोआप तिकडे जातो, कारण गरोदर नसलेल्या माणसाला ते फार छान लागू पडतं. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, असेक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी त्याच घराण्यातली. बोलताना आम्ही त्यांना एनसेड म्हणतो. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनतात, ती दुखणं आणि सूज वाढवतात. ही औषधं ती बनूच देत नाहीत, म्हणून बरं वाटतं.

घोळ असा की पोटातल्या बाळाला तीच प्रोस्टाग्लँडिन हवी असतात. बाळ काही फुप्फुसांनी श्वास घेत नसतं. त्यामुळे त्याच्या हृदयातून फुप्फुसांकडे निघालेलं बरंचसं रक्त डक्टस आर्टेरिओसस नावाच्या एका छोट्या वाहिनीतून सरळ महाधमनीत जातं. ही आडवाट उघडी राहायला प्रोस्टाग्लँडिन लागतात. जन्मानंतर मिटायची ती वाट औषधाने पोटातच आवळली तर बाळाच्या हृदयावर ताण येतो. तिसाव्या आठवड्यानंतर ही भीती जास्त. दुसरी गोष्ट किडनीची. साधारण पाचव्या महिन्यापासून गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. एनसेडमुळे बाळाच्या किडनीचा रक्तपुरवठा घटला की लघवी कमी, आणि लघवी कमी की पाणी कमी. पूर्वी तिसाव्या आठवड्यानंतर नको एवढंच शिकवायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ती रेषा विसाव्या आठवड्यावर आणली.

सत्तावीस म्हणजे रेषेच्या पलीकडे. सिरिंज परत नेली हे त्या सिस्टरने बरोबर केलं.

आता दुसरा प्रश्न. हो, आधी देता आलं असतं. "प्रेग्नन्सीत काही देता येत नाही" हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. आपल्या हातून काही होऊ नये म्हणून माणूस ते बोलतो. शिरेतून पॅरासिटामॉल १ ग्रॅम, पंधरा मिनिटांत. वजन ५० किलोच्या आत असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम. तेवढ्याने भागलं नाही तर मॉर्फिन किंवा फेंटॅनिल, थोडं द्यायचं, पाच-दहा मिनिटं बघायचं, लागलं तर पुन्हा थोडं. मॅडमनी हळूहळू दिलं ते बहुधा यातलंच. गायनॅकला बोलवायचंच, त्यात वाद नाही. पण ते येईपर्यंत पेशंटने दांडा धरून बसायचं असं कुठे लिहिलंय?

कुंदकळी
सोमवार, सकाळी ७.३०

डॉक्टर, मनापासून आभार. पण आता वेगळीच धडकी भरली. समजा तिने शाल काढलीच नसती आणि ते इंजेक्शन गेलं असतं तर?

रातपाळी
सोमवार, सकाळी ८.१०

एका डोसने बहुतेक काहीच झालं नसतं. पाणी कमी होणं हे सहसा काही दिवस ते काही आठवडे औषध चालू राहिल्यावर दिसतं. क्वचित ४८ तासांतही दिसलेलं आहे, आणि औषध बंद केल्यावर बहुतेकदा भरून येतं. म्हणूनच वीस ते तीस आठवड्यांमध्ये द्यावंच लागलं तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, आणि ४८ तासांच्या पुढे गेलं तर सोनोग्राफीत पाणी बघा, असं सांगितलेलं आहे. कुणी चुकून एक गोळी घेतली असेल तर रात्र जागून काढू नये. पुढची घेऊ नये आणि आपल्या डॉक्टरांना सांगावं.

मुतखड्याबद्दल एक राहिलं. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर ते प्रकरण वेगळं, तिथे तास मोजत बसायचे नाहीत. आणि गरोदरपणात सोनोग्राफीत उजवी किडनी थोडी फुगलेली दिसणं खूपदा नॉर्मल असतं, वाढलेल्या गर्भपिशवीचा दाब असतो तो. तेवढ्यावरून खड्याचा शिक्का मारू नये. उजवीकडे अपेंडिक्सही आहे, आणि पोट वाढतं तसं ते नेहमीच्या जागेवरून वर सरकलेलं असू शकतं.

शंकेखोर
सोमवार, सकाळी ९.५५

पॅरासिटामॉलपर्यंत ठीक आहे. पण मॉर्फिन? गरोदर बाईला? बाळाला व्यसन लागतं असं वाचलंय. त्यापेक्षा दोन तास सोसलेलं काय वाईट?

भूलथाप
सोमवार, दुपारी १.१५

माझा धंदा नावावरून कळला असेलच. ☺

शंकेखोर, तुम्ही वाचलंय ते खरं आहे, पण ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. आई आठवडेच्या आठवडे रोज ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या घराण्यातलं औषध, घेत असेल तर जन्मल्यावर बाळाला ते मिळेनासं होतं आणि ते चिडचिडं होतं, थरथरतं, नीट पीत नाही. इमर्जन्सीतल्या एका-दोन डोसांनी तसं होत नाही. एका डोसने होतं काय, तर औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळही थोडं पेंगतं. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढला तर त्यातली नेहमीची वरखाली कमी दिसते. म्हणून किती वाजता काय दिलं ते कागदावर ठळक लिहायचं, नाहीतर पुढच्या पाळीची माणसं तो सपाट आलेख बघून सिझेरियनची तयारी सुरू करतील. हे मी विनोदाने लिहीत नाहीये.

खरी काळजी बाळंतपण तोंडावर असताना. दोन-चार तासांत बाळ बाहेर येणार असेल आणि आईला नुकतंच ओपिऑइड दिलेलं असेल तर बाळाचा श्वास मंद असू शकतो. तेव्हा बाळाच्या डॉक्टरांना आधी कल्पना द्यायची. आईचा श्वास मंदावला तर ओपिऑइडचा असर उतरवणारं नॅलोक्सोन हाताशी असतंच.

सगळी ओपिऑइड एका माळेचे मणी नव्हेत. पेथिडीन अजून बऱ्याच ठिकाणी हौसेने देतात. शरीरात त्याचं नॉरपेथिडीन होतं आणि ते नवजात बाळाच्या अंगात कितीतरी वेळ रेंगाळतं. मला ते आवडत नाही. ट्रॅमाडॉलने झटका येण्याची शक्यता वाढते. बीपी वाढलेल्या गरोदर बाईला तसाही झटक्याचा धोका असतो, तिथे हे आणखी कशाला? कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्हींचं शरीरात रूपांतर व्हावं लागतं, आणि काही लोकांत ते फार झपाट्याने होतं. ठरावीक गोळीतून कुणाला किती औषध मिळेल याचा भरवसा नाही. २०१७ मध्ये एफडीएने दूध पाजणाऱ्या आयांना ही दोन्ही नकोत असं सांगितलं ते त्यामुळेच. मोजून, शिरेतून, डोळ्यांसमोर दिलेलं मॉर्फिन किंवा फेंटॅनिल मला त्यापेक्षा कितीतरी सरळ वाटतं.

आणि सोसण्याचं. तीव्र दुखण्यात शरीर ॲड्रेनॅलिनसारखी रसायनं सोडतं, बीपी आणि नाडी वाढते, गर्भपिशवीकडे जाणारं रक्त घटू शकतं. बाई दुखण्याने धापा टाकायला लागली की तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याचाही बाळाला फायदा नाही. दोन तास काही न देणं हाही एक उपचारच असतो, फक्त तो कुणी केसपेपरवर लिहीत नाही.

शंकेखोर
सोमवार, दुपारी १.३२

शेवटच्या वाक्याला दाद. पण पोटात दुखतंय तेव्हा पेनकिलर दिलं तर निदान झाकलं जातं हे तर डॉक्टरच सांगतात ना?

रातपाळी
सोमवार, दुपारी २.००

सांगायचे. आम्हीही तेच शिकलो, सर्जन येऊन पोट दाबून बघेपर्यंत मॉर्फिनला हात लावायचा नाही. नंतर त्यावर नीट चाचण्या झाल्या. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने त्या एकत्र करून तपासल्या तेव्हा ओपिऑइड दिल्याने निदान चुकण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. उलट कळवळणारा माणूस पोटाला हातच लावू देत नाही. जरा सैल पडला की नेमकं कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवतो.

सिस्टर_बोलतेय
सोमवार, सायंकाळी ६.४८

या धाग्यात सिस्टर आलीच आहे तर सिस्टरचंही ऐका.

रात्री तीनला एका बाजूला अपघाताचा पेशंट, दुसऱ्या बाजूला छातीत दुखणारे काका, आणि मध्ये कळवळणारी बाई. लवकर बरं वाटावं म्हणूनच सिरिंज आधी भरली जाते. तरी चूक ती चूक. कळ कुठून कुठे जाते हे विचारायच्या आधी शेवटची पाळी कधी आली हे विचारायचं असतं. पोट दिसायची वाट बघायची नाही, सहा आठवड्यांचं पोट कुणाला दिसतं? आमच्या वॉर्डात आता नियमच आहे. पाळीच्या वयातली कुठलीही बाई पोटदुखी घेऊन आली की लघवीची टेस्ट आधी. "शक्यच नाही" म्हणणाऱ्यांचीसुद्धा. एकीची अशीच टेस्ट केली, पॉझिटिव्ह. तिचा खांदा दुखत होता आणि उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. गर्भ नळीत होता, नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं. दुखण्याचं औषध तिलाही दिलंच, पण अर्ध्या तासात ती टेबलवर होती.

नातेवाइकांना एक सांगते. "दुखतंय" एवढंच सांगू नका. दहापैकी किती ते सांगा, आणि औषध दिल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा बोलवा. आम्ही परत विचारायला यायला हवं हे मान्य, पण काही रात्री अशा असतात की राहून जातं.

कुंदकळी
सोमवार, सायंकाळी ७.०५

सिस्टर, तुमच्यावर राग नाही हो. तिने परत नेलं म्हणून तर वाचलो. आम्हीही घाबरून आठवडे सांगायचे विसरलो. आता बहिणीच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने तारीख आणि आठवडे लिहून ठेवलेत.

औषधांची_पेटी
सोमवार, रात्री ९.२०

फार्मासिस्ट आहे. दोन-तीन गोष्टी ज्या काउंटरच्या या बाजूने जास्त दिसतात.

एनसेड नेहमी स्वतःच्या नावाने येत नाहीत. पॅरासिटामॉलच्या जोडीने आयबुप्रोफेन किंवा असेक्लोफेनॅक घातलेल्या गोळ्या असतात, पोटात मुरडा येतो त्यावरच्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिड असतं, सर्दीच्या काही गोळ्यांतही असतं. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. चोळायच्या जेलमधूनही थोडं औषध रक्तात जातं, तेव्हा शेवटच्या तिमाहीत पाठीला रोज चोपडायची ती गोष्ट नव्हे. पहिल्या तिमाहीतही ही औषधं सहसा टाळतातच. विसाव्या आठवड्यापर्यंत मोकळं रान आहे असा अर्थ कुणी काढू नये.

आता याच्या बरोब्बर उलटं. बीपीचा धोका असलेल्या बायकांना डॉक्टर रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात, ७५ ते १५० मिलिग्रॅम. तीही याच घराण्यातली. पण एवढ्या लहान मात्रेला तो इशारा लागू नाही, एफडीएने स्वतःच ती वेगळी काढली आहे. हा धागा वाचून कुणी ती आपल्या मनाने बंद करू नका!

आणि लोक अजून येऊन विचारतात, "हे औषध बी कॅटेगरी आहे की सी?" गरोदरपणातला औषधाचा धोका दाखवणारी ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं १९७९ मध्ये आली आणि २०१५ पासून एफडीएने ती मोडीत काढायला घेतली. कारण लोक ती परीक्षेच्या ग्रेडसारखी वाचायचे. सीमध्ये कितीतरी औषधं केवळ माणसांतला पुरेसा अभ्यास नाही म्हणून बसलेली होती. शिवाय एकच औषध बाराव्या आठवड्याला एक आणि बत्तिसाव्याला दुसरंच असतं, ते एका अक्षरात कसं मावणार?

शेंडेफळ
सोमवार, रात्री १०.०२

एक भीत भीत विचारतो. पॅरासिटामॉलने मुलांना ऑटिझम होतो असं बायकोच्या ग्रुपवर फिरतंय. तिला मध्यंतरी १०२ ताप होता तरी तिने गोळी घेतली नाही. मीही आग्रह केला नाही.

रातपाळी
मंगळवार, पहाटे २.५०

भीत भीत कशाला, हा आत्ता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तसा इशारा दिला आणि तिथून हे सुरू झालं. तिथल्याच प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने मात्र लगेच सांगितलं की गरोदरपणात ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल हेच पहिलं औषध राहील.

काही अभ्यासांत संबंध दिसतो हे खरं आहे. पण बाई गोळी घेते ती ताप, जंतुसंसर्ग, मायग्रेन असं काहीतरी असतं म्हणून. मग दिसलं ते गोळीचं की त्या आजाराचं की घराण्याचं? २०२४ मध्ये स्वीडनचा एक अभ्यास आला, १९९५ ते २०१९ मध्ये जन्मलेली जवळपास पंचवीस लाख मुलं. वरवर पाहता तिथेही किंचित फरक दिसला. मग त्यांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली. आई तीच, एका खेपेला गोळी घेतलेली, दुसऱ्या खेपेला नाही. फरक नाहीसा झाला.

तापाचं म्हणाल तर पहिल्या तिमाहीत चढलेला ताप तसाच राहू देणं बाळाच्या मज्जारज्जूसाठी चांगलं नाही. १०२ ताप अंगावर काढण्यात काही शौर्य नाही. गोळी लागेल तेव्हा, लागेल तेवढीच. दोन डोसांत किमान चार तास, आणि सगळ्या गोळ्या, सिरप, सलाईन मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, वजन कमी असेल तर त्याहून कमी. जास्त झालं तर लिव्हरवर येतं, आणि तेव्हा आई आणि बाळ दोघांचंही लिव्हर पणाला लागतं.

अवांतर: या सगळ्या भीतीचं मूळ माझ्या मते थॅलिडोमाइडमध्ये आहे. जर्मनीत १९५७ मध्ये झोपेचं औषध म्हणून आलं, गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं गेलं, १९६१ मध्ये तिथल्या बाजारातून काढलं, आणि त्याच्यापायी जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत एफडीएच्या फ्रान्सिस केल्सी पुराव्याशिवाय परवानगी देईनात म्हणून तिथली बहुतेक मुलं वाचली. केल्सीबाईंनी पुरावा मागितला होता. आपण शिकलो ते भलतंच, गरोदर बायकांना औषधांच्या चाचण्यांतूनच वगळून टाकलं. आता पुरावाच अपुरा पडतो आणि मग रात्री तीनला डॉक्टर म्हणतो, काही देता येत नाही.

मायग्रेनवाली
मंगळवार, सकाळी ११.१०

डोकेदुखीबद्दल कुणीच लिहिलं नाही. मला चौतिसाव्या आठवड्यात प्रचंड डोकं दुखायला लागलं. मायग्रेन जुनंच आहे, त्यामुळे घरी पॅरासिटामॉल घेऊन पडून राहिले. दोन डोस झाले, कमी होईना. नवऱ्याने उगाच म्हणून घरातलं बीपीचं यंत्र लावलं तर १६८/११२. पुढचे तीन दिवस हॉस्पिटलात होते. मायग्रेनला डोळ्यांसमोर नागमोडी रेघा येतात, तेव्हा नुसत्या ठिणग्या दिसत होत्या. तो फरक तेव्हा लक्षातच आला नाही.

भूलथाप
मंगळवार, दुपारी १२.२५

तुमच्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

विसाव्या आठवड्यानंतरची डोकेदुखी म्हणजे आधी बीपी, मग औषध. १४०/९० म्हणजे धोक्याची घंटा, १६०/११० म्हणजे गाडी काढा. पॅरासिटामॉलने न उतरणारी नवी डोकेदुखी हे प्रीएक्लॅम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या धोकादायक आजाराचं, एक लक्षण म्हणूनच धरतात. ठिणग्या, बरगडीखाली दुखणं, चेहरा अचानक सुजणं हे जोडीला असेल तर जास्तच. तिथे दिलं जाणारं मॅग्नेशियम सल्फेट झटका येऊ नये म्हणून असतं, दुखण्यावरचं औषध नव्हे.

बीपी नीट असेल आणि खरंच मायग्रेन असेल तर पॅरासिटामॉलबरोबर मळमळीवरचं मेटोक्लोप्रामाइड, अंधारी खोली, थोडं सलाईन. तरी नाही थांबलं तर खास मायग्रेनवरच्या ट्रिप्टान गटातलं सुमाट्रिप्टान. त्या गटात गरोदरपणातला सगळ्यात जास्त अनुभव त्याचाच आहे. मायग्रेनवरचंच एर्गोटामिन मात्र अजिबात नाही, ते गर्भपिशवी आवळतं.

आणि औषधाशिवायही बरंच करता येतं. बत्तीस आठवड्यांची एक बाई जिन्यावरून घसरून मांडीचं हाड मोडून आली होती. आधी पाय आधार देऊन बांधला, तेवढ्यानेच तिचं ओरडणं निम्म्यावर आलं. पाठीवर सरळ झोपवलं तर गर्भपिशवी मोठ्या शिरेवर दाबते आणि बीपी कोसळतं, म्हणून उजव्या कुशीखाली उशी सारून डावीकडे पंधरा-वीस अंश कलती ठेवली. मग मांडीची नस बधिर करायला सोनोग्राफीचा प्रोब जांघेत. पडद्यावर धमनी धडधडताना दिसते, तिच्या बाहेरच्या अंगाला स्नायूवरचा पांढरा पडदा. सुई त्याच्याखाली सरकवली की औषध काळ्या पाण्यासारखं पसरत जातं. गरोदरपणात नसा जास्त हळव्या असतात, त्यामुळे डोस हात राखून. पंधरा मिनिटांनी तिने पहिल्यांदा विचारलं, "बाळ कसं आहे?" तोवर तिला तेवढंही सुचत नव्हतं. बाळाचे ठोके चार तास मशीनवर ठेवले, आणि तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह निघाला म्हणून अँटी-डी दिलं, म्हणजे बाळाच्या रक्ताविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडं बनू नयेत म्हणूनचं इंजेक्शन. ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

शंकेखोर
मंगळवार, दुपारी १२.४०

आणि तो हुंगायचा वायू? तोही असतो ना?

भूलथाप
मंगळवार, दुपारी १.०५

एंटोनॉक्स. निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. मुखवटा पेशंटने स्वतःच्याच हाताने धरायचा, गुंगी आली की हात आपोआप खाली येतो, तीच त्याची सुरक्षा. निखळलेला खांदा बसवणं, टाके घालणं असल्या थोड्या वेळाच्या कामाला छान. फुप्फुसाबाहेर हवा साचली असेल किंवा आतडं अडकलं असेल तर नको. पहिल्या तिमाहीत मी सहसा दुसरं काही बघतो.

कुंदकळी
तीन महिन्यांनी, गुरुवार, रात्री १०.३०

धागा वर काढतेय, रागावू नका. बहिणीला काल मुलगी झाली. नॉर्मल, एकोणचाळीस आठवडे, दोघी मजेत. खडा मध्येच कधीतरी पडून गेला, कळलंही नाही.

आता गंमत ऐका. टाके दुखताहेत म्हणून सिस्टरने तिला आयबुप्रोफेनची गोळी आणून दिली. बहिणीने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली आणि गोळी परत केली. "हे एनसेड आहे, मला चालत नाही," म्हणाली. सकाळपासून कण्हतेय, बाळाला पाजायला धड बसता येत नाहीये. मी फोनवर सांगितलं तर म्हणते, तूच तो धागा वाचायला दिला होतास. काय सांगू तिला?

रातपाळी
गुरुवार, रात्री ११.१५

अभिनंदन मावशी! बीपी, किडनी ठीक आहे ना, आणि पोटाचा अल्सर, दमा किंवा या गोळीची ॲलर्जी वगैरे नाही ना? मग घेऊ दे तिला. ती वाहिनी आणि ते पाणी पोटातल्या बाळाचं होतं, बाळ आता बाहेर आहे. आयबुप्रोफेन दुधात अगदी नगण्य उतरतं, बाळंतपणानंतर पॅरासिटामॉलच्या जोडीने आम्ही तेच आधी देतो.

कुंदकळी
गुरुवार, रात्री ११.५०

घेतली. बाळ पितंय.